योगदानाचा हिशेब : हळद, कोयना आणि आपले शास्त्रज्ञ-परिचय

हयात शास्त्रज्ञांवर मराठीत जे लिहिले जाते त्याचा एक साचा ठरून गेला आहे. पहिल्या परिच्छेदात जन्मगाव आणि घरची गरिबी, दुसऱ्यात शिष्यवृत्ती आणि परदेश, तिसऱ्यात पदे, चौथ्यात पद्म पुरस्कार आणि शेवटी तरुणांना संदेश. मध्ये कुठेतरी ‘विज्ञानक्षेत्रातील त्यांचे योगदान अतुलनीय आहे’ असे एक वाक्य असते. हे वाक्य कोणाच्याही परिचयात चालते. नाव बदलले तरी ते बदलावे लागत नाही.

शालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना मी ते कितीदा ऐकले याची गणती नाही. एकदा स्पर्धा संपल्यावर एका मुलीला सहज विचारले, ‘योगदान अतुलनीय म्हणालीस, पण त्यांनी नेमकं केलं काय गं?’ ती जरा गोंधळली आणि म्हणाली, ‘सर, पुस्तकात तेवढंच आहे.’ घरी येऊन मी ते पुस्तक पाहिले. खरोखरच तेवढेच होते.

त्या ‘तेवढंच’ची झडती घेणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सातारा आणि सांगली हे दोनच जिल्हे पुरेत. जगभरच्या अभ्यासकांनी ज्यांची दखल घेतली अशी दोन प्रकरणे या मातीशी जोडलेली आहेत : हळदीचे पेटंट आणि कोयनेचा भूकंप. पहिल्याशी डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव निगडित आहे, दुसऱ्याशी डॉ. हर्ष गुप्ता यांचे. पहिले नाव मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. दुसरे पाटण तालुक्यातही मी क्वचितच ऐकले. असे का व्हावे, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

कोणत्याही शास्त्रज्ञाच्या परिचयाला मी चार प्रश्न विचारतो. त्यांच्या कामाआधी काय माहीत नव्हते? जे कळले ते कशावरून कळले? त्याला हरकत कोणी आणि का घेतली? आणि अजून काय कळायचे राहिले आहे? या चारांतल्या एकाचेही उत्तर परिचयात नसेल, तर तो लेख शास्त्रज्ञावरचा नसून त्यांच्या पदांवरचा आहे.

गावचा माणूस

साच्यातला पहिला घटक म्हणजे जन्मगाव. सांगलीपासून जवळच, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या परिसरात कुरुंदवाड आहे. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म तिथे १९५६ मध्ये झाला. २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला, तेव्हा ‘आपल्या कुरुंदवाडचे’ म्हणून अभिमान व्यक्त करणे स्वाभाविकच होते. त्यांचे बालपण हुबळीत गेले, शिक्षण दिल्लीच्या आयआयटीत आणि पुढे बर्कलीत झाले, हा तपशीलही परिचयांत येतो. पण १९८२ मध्ये, विद्यार्थिदशेत, डोनाल्ड बॅकर यांच्यासह त्यांनी जो स्पंदक तारा शोधला त्याचे महत्त्व एका ओळीत संपते.

ते महत्त्व सांगणे अवघड नाही. स्पंदक म्हणजे एखाद्या शहराएवढा लहान, अतिशय घन, स्वतःभोवती फिरणारा तारा. तोवर माहीत असलेला सर्वांत वेगवान स्पंदक सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेत होता. नवा सापडलेला ६४२ फेऱ्या घेत होता. स्पंदक वय वाढेल तसे मंदावतात अशी समजूत होती. मग हा इतका वेगात कसा? जोडीदार ताऱ्याकडून पदार्थ ओढून घेत म्हाताऱ्या ताऱ्याला पुन्हा वेग मिळत असला पाहिजे, या विचाराला त्यामुळे बळ आले. हे चार-पाच वाक्यांत बसले. त्या मानाने जन्मगावाच्या अभिमानावर आपण किती शाई खर्च करतो!

हरकतीच्या प्रश्नापासून तर आपण नेहमी पळ काढतो. जयंत नारळीकर आता आपल्यात नाहीत. मे २०२५ मध्ये ते गेले. मराठी वाचकाचे त्यांच्यावर अपार प्रेम होते. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. तरीही त्यांच्या परिचयांत ‘महास्फोटाच्या सिद्धान्ताला आव्हान दिले’ इथेच वाक्य थांबते. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूला नव्हते, ही गोष्ट लिहायला आपला हात कचरतो. अल्पमतात राहून दशकानुदशके प्रश्न विचारत राहणे हीच त्यांच्या कारकिर्दीची खूण होती. ती वगळली की उरतो तो हार घातलेला फोटो.

हळदीची लढाई

सांगली म्हणजे हळदीची पेठ. राजापुरी हळद, तिचे सौदे, हरिपूरची जमिनीखालची पेवे हे सारे इथल्या माणसाच्या परिचयाचे. त्यामुळे ‘अमेरिकेने चोरलेली हळद माशेलकरांनी परत आणली’ ही गोष्ट इथे विशेष रंगते. तिच्यात थोडे सत्य आहे आणि बरेच कीर्तन.

झाले ते असे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. ज्यांच्या नावावर हा शोध नोंदला गेला ते दोघेही भारतीय वंशाचे होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते.

आता पहिला प्रश्न : परिषदेने सिद्ध काय केले? ‘हळद भारताची आहे’ हे नव्हे. तसा दावा पेटंट कार्यालयात चाललाही नसता. तिने एवढेच दाखवले की या पद्धतीत नवे काही नाही, आणि जे नवे नाही त्याला पेटंट देता येत नाही. दुसरा प्रश्न : कशावरून? इथे गोष्ट खरी रोचक होते. आजीने खरचटल्यावर हळद लावली हा पुरावा त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात पुरावाच नव्हता. परदेशातल्या वापराला छापील आधार लागे. म्हणून परिषदेने ३२ लेखी संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला लेखही होता.

सांगलीच्या घराघरांतले ज्ञान खरे असूनही कायद्यापुढे मुके होते, हा या प्रकरणाचा धडा. म्हणूनच पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहू लागला : जुन्या ग्रंथांतली माहिती परदेशी पेटंट तपासनिसांना वाचता येईल अशा भाषांत आणि मांडणीत. माझ्या मते ही लढाईहून मोठी कामगिरी आहे. तिच्यात रणशिंग नाही, म्हणून ती भाषणांत येत नाही.

हे काम एकट्याचे नव्हते. महासंचालकाने लढायचे ठरवले, पैसा आणि माणसे मागे उभी केली, हे नेतृत्वाचे श्रेय निःसंशय माशेलकरांचे. ग्रंथ धुंडाळणारे, भाषांतर करणारे, कायद्याची बाजू मांडणारे वेगळे. आणि माशेलकरांचे स्वतःचे विज्ञान? ते पॉलिमरचे अभ्यासक. पाण्यात फुगणाऱ्या जेलवर, दाट आणि अनियमित वाहणाऱ्या द्रवांवर त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले आणि १९९८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हळदीची गोष्ट सांगणाऱ्या किती जणांना ते पॉलिमरचे शास्त्रज्ञ आहेत हे ठाऊक आहे?

हरकतीचाही प्रश्न इथे आहे. पेटंट कायद्यावर त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञगटाचा अहवाल, त्यातला काही मजकूर दुसऱ्या एका अभ्यासातल्या मजकुराशी जुळतो असा आक्षेप आल्यावर, २००७ मध्ये मागे घेतला गेला आणि नंतर दुरुस्त होऊन पुन्हा सादर झाला. हे सार्वजनिक आहे, वृत्तपत्रांत छापून आलेले आहे. परिचयात ते लिहिले तर माशेलकर लहान होत नाहीत. चूक दाखवली गेली आणि अहवाल मागे घेतला गेला, हा विज्ञानाच्या व्यवहाराचाच भाग आहे. तो लपवून आपण मुलांना असे शिकवतो की मोठी माणसे चुकत नसतात.

हरिपुराहून कोयनेकडे

हळदीच्या पेवांच्या त्याच हरिपुराजवळ वारणा कृष्णेला मिळते. वारणेच्या काठाने वर गेले की शिराळा तालुक्यात चांदोलीचे धरण लागते. तिथून डोंगर ओलांडून उत्तरेला गेले की कोयनेचा शिवाजीसागर. या दोन जलाशयांच्या आसपासचा, सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढाच पट्टा भूकंपशास्त्राच्या जगात विख्यात आहे.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनानगर कोसळले, सुमारे २०० माणसे गेली. पाटण भागातली वयस्कर माणसे आजही कोणाचे वय सांगताना ‘भूकंपाच्या आधीचा’ किंवा ‘भूकंपानंतरची’ असे म्हणतात, हे मी स्वतः ऐकले आहे. धक्क्याची तीव्रता आता ६.३ मानली जाते. पूर्वीच्या लेखनात ६.५ आढळते. धरण उभे राहिले, पण वरच्या बाजूला जिथे त्याचा पाया-माथ्याचा उतार बदलतो तिथे आडव्या भेगा पडल्या. भूकंपाचे बल धरणाच्या वजनाच्या शेकडा ५ एवढे आणि सगळ्या उंचीवर सारखे, असे स्थिर गृहीत धरून ते बांधले होते. प्रत्यक्षात धरण हलते, आणि माथा पायापेक्षा जास्त हलतो. धरणातल्या उपकरणाने टिपलेली त्या पहाटेची नोंद जगभरचे धरण-अभियंते अजून अभ्यासतात.

त्या पहाटेपूर्वी काय माहीत नव्हते? दख्खनचे पठार अढळ आहे, असा समज पक्का होता. जलाशय भरू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले होते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले एस. के. गुहा आणि त्यांचे सहकारी १९६७ पूर्वीच त्यांच्या नोंदी मांडत होते. हे नाव कोणत्याही यादीत नाही. यादी पुरस्कारावरून बनते आणि वेळेवर केलेल्या नोंदीला पुरस्कार नसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यानंतर या प्रश्नाला भिडले. त्यांचा जन्म १९४२ चा. म्हणजे भूकंपाच्या वेळी ते पंचविशीत होते. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले, अंटार्क्टिकावरच्या तिसऱ्या भारतीय मोहिमेचे नेतेही झाले. साच्यातला परिचय इथेच रेंगाळेल. मला महत्त्वाचा वाटतो तो बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध.

त्याची पद्धत साधी होती. एका धरणाजवळ भूकंप झाला तर तो योगायोग असू शकतो. म्हणून त्यांनी कोयनेची तुलना इतर जलाशयांशी केली : चीनमधले शिनफेंगजियांग, आफ्रिकेतले करिबा, ग्रीसमधले क्रेमास्ता. या सगळ्या ठिकाणच्या धक्क्यांत सारखेपणा दिसला. मुख्य धक्क्याआधी लहान धक्क्यांची रांग लागते. मोठ्यांच्या मानाने लहानांचे प्रमाण त्याच प्रदेशातल्या इतर भूकंपांपेक्षा जास्त असते. नंतरचे धक्के सावकाश विरतात. दूरदूरच्या ठिकाणी एकच खूण उमटत असेल, तर कारणही सामाईक असले पाहिजे.

हरकत होतीच. हा भूकंप भूगर्भातल्या नेहमीच्या हालचालींचा आहे, पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणणारे अभ्यासक होते. ही हरकत वेडगळ नव्हती. सोपा हिशेब करून पाहा : १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १० बार भरतो, तर पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब १३०० बारच्या घरात असतो. एवढ्या ओझ्यापुढे पाण्याची काय कथा?

उत्तर असे आहे की प्रस्तर आधीच तुटण्याच्या बेतात असेल, तर थोडेसेही पुरते. फटींतून झिरपलेल्या पाण्याचा दाब भेगेच्या दोन बाजूंची पकड ढिली करतो. निसर्गाने जणू या म्हणण्याची परीक्षाही घेतली. १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९३ च्या सुमारास धक्के दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला वाढले. दुसरे धरण आले आणि गोष्ट पुन्हा घडली.

एका शब्दाचा प्रश्न

इथे मराठीची जबाबदारी येते. आपण लिहितो, ‘धरणामुळे भूकंप झाला.’ विरोधक लिहितात, ‘धरणाचा काही संबंध नाही.’ शास्त्रज्ञांचे म्हणणे या दोन्हींत नाही. बंदूक आधीच भरलेली होती, पाण्याने चाप ओढला, असे ते म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी ‘ट्रिगर’ हा शब्द रूढ झाला आणि ‘इंड्यूस’पासून तो वेगळा ठेवला जातो. मराठीत दोन्हींना आपण सरसकट ‘प्रेरित’ म्हणून मोकळे होतो. चाप ओढणे आणि बंदूक भरणे यांतला फरक भाषेत नसेल, तर दोष कोणाचा, उपाय कोणता, याची चर्चाही होऊ शकत नाही. शास्त्रज्ञाच्या परिचयातून अशा एका शब्दाची भर पडली, तरी तो लेख कामाचा ठरला असे मी म्हणेन.

उपायाची गोष्ट निघालीच आहे तर १९८३ चा गुप्तांचा निबंध पाहावा. तोवरच्या नोंदींवरून त्यांनी मांडले की कोयनेत पाच किंवा त्याहून मोठा धक्का येण्यासाठी पाण्याची पातळी आठवड्यात ४० फुटांहून, म्हणजे १२ मीटरहून अधिक वेगाने चढणे आवश्यक दिसते. मात्र तेवढ्याने धक्का येईलच असे नाही. म्हणून पाणी भरण्याचा वेग आटोक्यात ठेवावा, अशी त्यांनी सूचना केली. शीर्षकातच त्यांनी तिला ‘सूचना’ म्हटले आहे, हे मला फार आवडते.

ही सूचना कोयनाकाठच्या आणि कृष्णाकाठच्या माणसाच्या थेट कामाची आहे. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी सांगलीला येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत एकच वाद असतो : कोयनेतून पाणी कधी सोडायचे, किती अडवायचे. मुसळधार पावसात पाणी अडवले की खाली दिलासा मिळतो, पण वर पातळी झपाट्याने चढते. पुराचा हिशेब आणि भूकंपाचा हिशेब एकाच दरवाज्याशी येऊन मिळतात. पूरचर्चेत हा दुसरा हिशेब मी एकदाही ऐकलेला नाही. ज्याने तो मांडला त्याचे नाव आणि त्याचा निबंध मराठीत पोहोचलेच नाहीत, हे त्याचे एक कारण आहे.

चौथा प्रश्न : काय कळायचे राहिले? मे २००६ मध्ये गुप्तांच्या गटाने लहान धक्क्यांचा पुंजका ओळखून पुढच्या १५ दिवसांत चारच्या आसपासचा धक्का येईल असे सांगितले आणि काही दिवसांतच तसा धक्का आला. हे मोलाचे आहे, पण इथे आरती ओवाळण्याआधी थांबले पाहिजे. चार आणि सहा यांत ऊर्जेचा सुमारे हजारपटीचा फरक असतो. लहान धक्क्याचे भाकीत जमले म्हणून १९६७ सारख्या पहाटेचे जमेल, असे नाही.

म्हणूनच आता खडकात उतरून पाहण्याचे काम चालले आहे. कऱ्हाडजवळ हजारमाचीत केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची कूपनलिका-भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. गोठणे येथे तिने तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. भूकंप जन्मतात ती खोली याहूनही खाली आहे. प्रयोगशाळेच्या वाटेने रोज कॉलेजला जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल?

पूर्णविरामाची घाई

हयात शास्त्रज्ञावर लिहिण्याची खरी अडचण ही आहे. त्याचे काम संपलेले नसते. त्याचे म्हणणे उद्या दुरुस्त होईल, कदाचित खोडलेही जाईल. अशा माणसावर गौरवग्रंथाच्या भाषेत लिहिणे म्हणजे त्याच्या हयातीतच त्याच्यावर चौथरा बांधणे. पण तो हयात आहे याचा एक मोठा फायदाही आहे : त्याला विचारता येते. आमच्या दिवाळी अंकांनी मुलाखत घेताना बालपणाची चार पाने कमी करावीत आणि एवढेच विचारावे की तुमचे कोणते म्हणणे चुकले, कोणी दाखवले, आणि आज तुम्हाला काय ठाऊक नाही.

कोयनेच्या खोऱ्यात अजूनही धक्के जाणवतात. पाचहून मोठे वीसेक, चारहून मोठे दोनशेच्या घरात झाले. त्याहून लहान हजारोंनी. पावसाळ्यात जलाशय भरला की तिथली माणसे रात्री भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून असतात. आपल्या पायाखाली काय चालले आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजे. ज्या माणसाने त्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे दिली त्याचे नाव त्या मुलीच्या पुस्तकात यावे असे मला वाटते. ते ‘अतुलनीय योगदाना’सह नको, त्याच्यापुढे ४० फूट, चाप आणि ‘अजून ठाऊक नाही’ एवढे लिहिलेले असावे.